हळिवाचा लाडू ताटात, निदान दवाखान्यात

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५४ जणींना रक्तक्षय आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला हा आकडा. त्याआधीच्या, २०१५-१६च्या फेरीत तो ४८ होता. पुरुषांत हेच प्रमाण २२च्या आसपास आहे. यावर घरोघरी एक ठरलेलं उत्तर मिळतं: गूळ-शेंगदाणे खा, बीट खा, खजूर खा, हळिवाचे लाडू करून ठेव. उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. पण त्यावर वर्षानुवर्षं भागवणं घराला सोयीचं जातं आणि सरकारी यंत्रणेलाही. म्हणून हे मुद्दे.

१. आधी हिशेब मांडू. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळावं, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२०ची शिफारस आहे. शंभर ग्रॅम बिटात ते एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. बीट लाल असतं ते त्याच्या रंगद्रव्यामुळे. डाळिंबाचं तेच. शंभर ग्रॅम गुळात लोह पाच मिलिग्रॅमच्या आत. सरकारी लोहगोळीत ते ६० मिलिग्रॅम असतं. तेवढं गुळातून घ्यायचं तर रोज किलोभराहून जास्त गूळ खावा लागेल. हळीव खरोखर लोहाने समृद्ध आहे, पण एका लाडवात तो जातो चमचाभर. निरोगी बाईचं लोह टिकवायला असं खाणं मदत करतं. सात-आठवर उतरलेलं हिमोग्लोबिन ते एकट्याने वर आणू शकत नाही.

२. म्हणून स्वयंपाकघर निरुपयोगी ठरत नाही. धान्य-भाज्यांतलं लोह अंगी फार थोडं लागतं. ते वाढवायच्या युक्त्या घरातच आहेत. भाजी-आमटीवर लिंबू पिळणं, जेवणात आवळा किंवा पेरू असणं, कडधान्यांना मोड आणणं, आंबट आमटी लोखंडी कढईत करणं. जे मांसाहार करतात त्यांच्यासाठी मटण, कलेजी, मासे. त्यातलं लोह शरीर सहज घेतं. आणि जेवणाला लागूनचा चहा बंद. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तरी फरक पडतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

३. लाडू कोण खातं, हेही विचारा. बाळंतिणीला दीड महिना हळीव-डिंक मिळतो, मग ती पुन्हा सगळ्यांच्या मागून जेवायला बसते. तोवर पातेल्यात रस्सा उरतो, फोडी संपलेल्या असतात. आठवड्याचे दोन उपास साबुदाण्यावर निघतात, ज्यात लोह जवळजवळ नसतंच; राजगिरा मात्र उपासाला चालतो आणि लोहही देतो. ताटं एकाच वेळी वाढली जाणं हा रक्तक्षयावरचा सर्वात स्वस्त घरगुती उपाय आहे. तो बायकांना सांगून होणार नाही, घरातल्या पुरुषांना सांगावा लागेल.

४. सगळ्यात महत्त्वाचं: रक्त कमी आहे हे निदान नव्हे, लक्षण आहे. कारण पाळीत जास्त जाणारं रक्त असेल, गर्भाशयातल्या गाठी असतील, मूळव्याध असेल, पोटातले जंत असतील. वर्षानुवर्षं शुद्ध शाकाहारी असलेल्यांत बी-१२ची कमतरता असू शकते. तिथे लोह कितीही दिलं तरी उपयोग नाही. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल असू शकतो. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या माणसाला तपासणीशिवाय वर्षानुवर्षं लोह देत राहणं व्यर्थ. पन्नाशी-साठीतल्या पुरुषाचं रक्त अचानक कमी झालं, तर आतड्यातून रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायलाच हवं. तिथे खजुरावर घालवलेले सहा महिने जिवावर बेतू शकतात. हिमोग्लोबिन ८च्या खाली, गरोदरपणी ७च्या खाली गेलं, तर घरगुती उपायांचा विचारही न करता दवाखाना गाठावा.

५. गोळ्या वाटल्या म्हणजे काम झालं असं नाही. रक्तक्षयाविरुद्ध लोहगोळ्यांचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून चालू आहे; २०१८ पासून ‘ॲनिमियामुक्त भारत’ या नावाने. गरोदर बाईला रोज एक याप्रमाणे १८० दिवस गोळी मिळते. पण ती घेतल्यावर मळमळतं, शौचाला काळं होतं, पोट साफ होत नाही, आणि हे आधी कोणी सांगितलेलं नसतं. शिवाय ‘गोळीने बाळ काळं होतं’ ही कुजबुज असतेच. मग पाकीट फळीवर पडून राहतं आणि बाई पुन्हा बिटाकडे वळते. हा तिचा अडाणीपणा नव्हे, समजावून सांगण्यातली आपली कसूर आहे. शौचाला काळं गोळीमुळेच होतं, घाबरू नका. मळमळ झाली तर रात्री जेवणानंतर घ्या. चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. रक्त वर आलं तरी साठा भरेपर्यंत तीन महिने चालू ठेवा. एवढं बोलायला पाच मिनिटं लागतात. आशाताईंना ती पाच मिनिटं मिळतील इतकी त्यांची कागदपत्रं कमी करा.

६. ग्रामसभेत काय मागायचं? ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. तो शिलाई मशिनांवर आणि हळदीकुंकवाच्या वाणावर संपवण्यापेक्षा गावातल्या प्रत्येक बाईच्या रक्ततपासणीसाठी वापरा, असा ठराव महिला ग्रामसभेने घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्राने नुसतं हिमोग्लोबिन मोजून सोडू नये. महिनाभर गोळ्या नेमाने घेऊनही ते एका ग्रॅमने वाढलं नाही, तर त्या बाईला पुढच्या तपासणीसाठी पाठवलंच पाहिजे. आणि केंद्राच्या नोंदवहीत तीन रकाने असावेत: हिमोग्लोबिन किती होतं, कमी असण्याचं कारण काय निघालं, उपचारानंतर किती झालं. किती गोळ्या वाटल्या हा आकडा आज मिळतो. मधला रकाना किती जणींच्या नावापुढे भरला, हे दर तीन महिन्यांनी गावासमोर वाचून दाखवायला लावा.