परत कुठे यायचं, ते आधी शिकवूया



संगणकाच्या तासाला ‘सबरुटीन म्हणजे काय?’ विचारलं की मुलं व्याख्या घडाघड म्हणतात. पण एका सबरुटीनने दुसरं बोलावलं, दुसऱ्याने तिसरं. आता आपण किती खोल आहोत आणि परत कुठे जायचं, असं विचारलं की वर्ग गप्प! माझ्या मते ही चूक मुलांची नाही. आजच्या भाषा हा हिशेब परस्पर ठेवतात, म्हणून आपणही तो शिकवत नाही.

जुन्या मेनफ्रेमवर तो प्रोग्रामरलाच ठेवावा लागे. आयबीएमच्या १९६४ सालच्या सिस्टिम/३६० मध्ये हार्डवेअरचा स्टॅक नव्हता. असेम्बलरमध्ये परतीचा पत्ता रिवाजाने रजिस्टर १४ मध्ये असे. रजिस्टर १३ मध्ये ७२ बाइटांच्या एका जागेचा पत्ता असे. बोलावणाऱ्याची रजिस्टरं तिथे जपून ठेवायची. प्रत्येक जागेत मागच्या जागेचा पत्ता लिहिला की साखळी तयार होई. एकेक कडी मोजत मागे गेलं की खोली कळे.

यावर सोपा उपाय म्हणजे आत जाताना एक मिळवायचा, बाहेर येताना एक वजा करायचा. पण एखाद्या वाटेवर वजा करायचं राहिलं तर पुढचे सगळे आकडे चुकतात. शिवाय नुसतं ‘तीन’ कळून आपल्याला बोलावलं कोणी ते कळत नाही.

मालवणात मी हे वर्गात असं घेतो. आई मासे आणायला पाठवते. मासेवाली म्हणते, सुटे आण. दुकानदार म्हणतो, शेजारून आण. दर वेळी मूल नव्या चिठ्ठीवर लिहितं : मला कोणी पाठवलं आणि परत जाऊन काय करायचं. तीन चिठ्ठ्या, खोली तीन. मग मी मुद्दाम एकच चिठ्ठी देतो, खोडून पुन्हा लिहायला. शेजाऱ्याकडे पोचलेला मुलगा थबकतो, “सर, आता मी खंय जाव?”

असेम्बलरमध्येही तेच होतं. साठवणीची एकच ठरलेली जागा असलेल्या सबरुटीनने स्वतःलाच बोलावलं, की जुन्या नोंदीवर नवी नोंद बसते आणि परतीची वाट पुसली जाते.

म्हणून माझं म्हणणं : परीक्षेत व्याख्येपेक्षा वाट मागे शोधण्याला जास्त गुण द्या. कंसात कंस आला की अडकणारं मूल ‘ढ’ नसतं. त्याची चिठ्ठी पुसली गेलेली असते. पालकांनो, अशा वेळी उत्तर सांगू नका. एवढंच विचारा, “इथे आलास कुठून?”