मोर्शीच्या पानठेल्यावर लंडनचा उतारा

ई-सिगारेटवरची बंदी उठवा म्हणणाऱ्यांचा सगळा भर ब्रिटनवर असतो. तो दाखला खोटा नाही. सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८६ जणांवर तिथे झालेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेर ई-सिगारेट घेणाऱ्यांतले १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, तर निकोटिनच्या गम-पट्ट्या वापरणाऱ्यांतले ९.९ टक्के. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने दहा लाख लोकांना ई-सिगारेटचे संच देण्याची योजनाच जाहीर केली. मग भारताने २०१९ मध्ये कायदा करून विक्रेत्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद का केली?

सवाल रास्त आहे. फक्त तो अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीत विचारून पाहावा.

संत्र्याच्या तोडाईवर निघालेला मजूर सकाळी पानठेल्यावर थांबतो तो सिगारेटसाठी क्वचितच. त्याला खर्रा हवा असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून त्याची पुडी खिशात जाते आणि दिवसभर चिमूट-चिमूट गालात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. ब्रिटनमधला प्रश्न जळत्या तंबाखूच्या धुराचा; धूर नको म्हणून वाफ, हे तिथले गणित. ज्याच्या तोंडात धूर नाहीच, त्याला वाफ देऊन कशापासून सोडवणार? शिवाय त्याच चाचणीत सिगारेट सुटलेल्या ई-सिगारेटवाल्यांपैकी ८० टक्के जण वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. ब्रिटनच्या पाठीराख्यांना हा आकडा सहसा आठवत नाही. वापरून फेकायच्या ई-सिगारेटींवर जून २०२५ पासून ब्रिटननेच बंदी घातली, आणि पोरांमध्ये वाढलेली चटक हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

इथवर वाचून बंदीवाल्यांनी खूश होऊ नये.

अमेरिकेत २०१९ मध्ये ई-सिगारेट ओढणारी माणसे फुफ्फुसविकाराने दगावली, हा त्यांचा आवडता पुरावा. पण त्या साथीचा मुख्य धागा गांजातल्या अमली घटकाच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटपर्यंत पोचला होता. आणि वाफेला कैद सांगणारे सरकार धुराशी मात्र मवाळ. सिगारेट खुलेआम विकली जाते. सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीत सरकारी मालकीच्या एलआयसीची गुंतवणूक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले. याला आरोग्यधोरण म्हणायचे? नुसत्या बंदीने काय साधते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. गुटख्यावर इथे २०१२ पासून बंदी आहे, आणि पुडी कुठे मिळते ते शाळकरी पोरगाही सांगेल.

तेव्हा बंदी राहू द्यावी, पण तिला काम झाल्याची पावती समजू नये. खरे काम सोडवण्याचे आहे. तंबाखू खाणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत समुपदेशनाचा आणि व्हॅरेनिक्लीन या औषधाचा उपयोग दिसला आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ते शहरातल्या खासगी दवाखान्यापुरते न राहता डॉक्टरच्या सल्ल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळायला हवे. गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘मुक्तिपथ’ने दारू आणि तंबाखूविरुद्ध गावेच्या गावे उभी करण्याचा रस्ता दाखवला आहे. गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यात जे जमते, ते सपाटीवरच्या मोर्शी-वरुडात जमू नये, याला कारण नाही.

केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे, फोन फुकट लागतो. मोर्शीतल्या प्रत्येक पानठेल्यासमोर, बाजार समितीच्या फाटकावर आणि एसटी स्टँडवर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवायला नगर परिषदेला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. तेवढे तिने या संत्र्याच्या हंगामाआधी करावे.