पासपोर्ट मालकाच्या कपाटात!

12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. दोनच दिवसांनी 45 भारतीयांचे मृतदेह घेऊन हवाई दलाचे विमान कोचीला उतरले. नेत्यांनी शोक व्यक्त केला, मदत जाहीर झाली आणि विषय मिटला. आमचा प्रश्न वेगळा आहे. या माणसांना जिवंतपणी कोणते हक्क होते?

आखाती देशांत अनेक दशके 'कफाला' पद्धत चालत आली आहे. कामगाराचा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला. त्याच्या मर्जीशिवाय नोकरी सोडली तर कामगार 'फरार' ठरतो. पासपोर्ट काढून घेण्यास कायद्याने बंदी असली तरी तो जातो मालकाच्या कपाटात!

हे वाचून आम्हाला महारवतन आठवते. रात्री-अपरात्री बोलावणे आले की जायचे, घरचा कर्ता नसेल तर बापाने किंवा पोराने राबायचे आणि मोबदला तुटपुंजा. या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. खेडे सोडा, शहराकडे चला, असेही त्यांनी समाजाला सांगितले. स्थलांतर ही मुक्तीची वाट आहे, यात शंका नाही. पण हक्कांशिवाय केलेले स्थलांतर म्हणजे एक वतन सोडून दुसऱ्या वतनात अडकणे होय.

संयुक्त राष्ट्रसंघाने 18 डिसेंबर 1990 रोजी स्थलांतरित कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करार मंजूर केला. तो 1 जुलै 2003 पासून अमलात आला. श्रीलंकेने 1996 साली आणि बांगलादेशाने 2011 साली तो स्वीकारला. मजूर बोलावणाऱ्या आखाती राष्ट्रांनी आणि अमेरिकेने तो स्वीकारला नाही. त्यांचा स्वार्थ उघड आहे. पण ज्याची माणसे तिथे राबतात, त्या भारताने तो का स्वीकारू नये? परदेशस्थ भारतीय वर्षाला शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी धाडतात. ते डॉलर सरकारला चालतात, मग ते कमावणाऱ्यांचे हक्क का चालत नाहीत?

दबाव आणला तर बदल होतो. 2022 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेमुळे जगाचे लक्ष कतारकडे वळले. तेव्हा कतारने 2020 साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली. 2021 पासून 1,000 रियाल किमान वेतन लागू केले. तरीही परदेशी कामगारांना संघटना बांधण्याचा हक्क तिथे मिळालेला नाही.

संविधानाच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. तीच वेठ आपल्या नागरिकाने विमानात बसून भोगायला जायचे काय? भारत सरकारने हा करार स्वीकारावा आणि आखाती देशांशी बोलणी करताना तेलाबरोबर मजुरांचे हक्कही टेबलावर मांडावेत, अशी आमची मागणी आहे. चळवळीतील कामगार संघटनांनी ती गावोगावी न्यावी. आखातात जाणारी पोरे आपल्याही वस्त्यांतली आहेत.