गर्भपिशवी काढायची तारीख घेतलेल्या बायांनो, आधी थांबा!

पालीतल्या समस्त आयाबहिणींना आणि त्यांच्या कारभाऱ्यांना जाहीर आवाहन.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायला महिनाही उरला नाही, आणि परवा गावातली तिशीतली बाई पिशवी काढायची तारीख घेऊन आली. तक्रार काय, तर अंगावरून पांढरं जातं. हातात तपासणीचा एक कागद नाही. 'ठेवली तर कॅन्सर होईल' एवढी भीती मात्र घातलेली. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले पैसे त्यासाठीच बाजूला ठेवलेत!

२०१९ला बीडचं नाव देशभर कशानं गाजलं, विसरलात? ऊसतोडीच्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, म्हणून पिशवीच नको! तेव्हापासून खासगी दवाखान्याला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. ती दाखवा म्हणा. लाजू नका.

आणि पिशवी गेली म्हणजे कॅन्सरची काळजी मिटली, हे खूळ डोक्यातून काढा. अंडाशयं आत राहिली तर त्यांचा कॅन्सर होऊ शकतो. धडधाकट अंडाशयं तरुणपणीच काढली तर हाडं ठिसूळ होतात. मग मोळी कोण उचलणार, मुकादम?

अंडाशयाच्या कॅन्सरची खरी लक्षणं ऐका. पोट सारखं फुगलेलं, दोन घासांत भरल्यासारखं, ओटीपोट दुखणं, घडीघडी लघवी. नव्यानं सुरू होऊन दोन-तीन आठवडे हटलं नाही, तर 'गॅस झालाय' म्हणून सोडा पीत बसू नका. पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर लगेच दाखवा. धोका पन्नाशीनंतर जास्त. आई, बहीण, मावशीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना सांगा. आत्याही धरा, जनुकातला दोष बापाकडूनही येतो. गर्भाशयाच्या तोंडाच्या पॅप तपासणीत अंडाशयाचा कॅन्सर कळत नाही. संशय आला तर सोनोग्राफी आणि सीए-१२५ची रक्ततपासणी लागते.

'वेळ कुठाय' म्हणणाऱ्यांशी वाद घालणार नाही. जत्रेला वेळ मिळतो.

आधी आशाताईला गाठा, मग बीडचं जिल्हा रुग्णालय. पुढं लागलंच तर संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. रेशनकार्ड, आधार सोबत घ्या, महात्मा फुले योजनेचं तिथंच विचारा. एकटीला भीती वाटते? आमच्या बचत गटातली बाई सोबत येईल; रेशनसाठी तहसील दणाणून सोडणाऱ्या बाया आहोत आम्ही. आणि कारभाऱ्यांनो, तारीख तुम्हीच घेतली असेल, तर रद्द करायलाही तुम्हीच जा.

— महिला बचत गट, पाली