दहा बाय बाराच्या खोलीत गिटार

तुमसर, पवनी, लाखांदूर, साकोलीकडची मुलं शिकायला भंडाऱ्यात येतात आणि तिघं-चौघं मिळून एक खोली करतात. एकाचा एमपीएससीचा अभ्यास, दुसरा पोलीस भरतीसाठी पहाटे उठून ग्राउंडवर पळणारा, तिसरा बीएस्सीला. अशा खोलीत चौथ्याने इलेक्ट्रिक गिटार आणली, की तिच्यामागे अ‍ॅम्प्लिफायर येतोच. तो घेताना बहुतेक जण एकच विचारतात, "किती वॉटचा?" खोली शेअर असेल तर हा प्रश्न शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न हा: बाजूच्या गादीवर दोस्त झोपलेला असताना मला यावर सराव करता येईल का?

वॉटचा हिशेब फसवा आहे. दहा वॉटऐवजी वीस वॉटचा अ‍ॅम्प घेतला म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. उलट बाजूनेही हे खरं आहे. एका वॉटवरसुद्धा साधा स्पीकर एक मीटरवर ८० ते ९० डेसिबल आवाज काढू शकतो. म्हणजे खोलीसाठी एक वॉटही पुष्कळ झाला. मोठा अ‍ॅम्प घेऊन बटण कायम एकवर ठेवायचं, तर जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

मग बघायचं काय? सगळ्यात आधी हेडफोनचं सॉकेट. ते नसेल तर तो अ‍ॅम्प दुकानातच राहू द्या. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा कानात येतो आणि ताल सुटतो. दुसरं, सेलवर चालतो का ते बघा. लाइन गेली तरी सराव थांबत नाही. शिवाय जुन्या भाड्याच्या खोल्यांत बोर्डाला अर्थिंग असेलच असं नाही. अर्थिंग नसेल तर विजेवरच्या अ‍ॅम्पमधून घूंऽऽ असा आवाज येतो, तारांना हात लावल्यावर झिणझिण्याही येऊ शकतात. असं झालं तर वाजवणं थांबवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बाजारात पर्याय आहेत. व्हॉक्सचा अ‍ॅम्पप्लग थेट गिटारला लागतो, त्याला स्पीकरच नसतो, ऐकायचं ते हेडफोनमध्येच. ब्लॅकस्टार फ्लाय ३ हा ३ वॉटचा, बॉस कटाना मिनी ७ वॉटचा. दोन्ही सेलवर चालतात. फेंडर फ्रंटमन १०जी हा १० वॉटचा, हेडफोन सॉकेट असलेला, पण त्याला वीज लागते. वरठीहून गाडी पकडून नागपूरला जाणारच असाल, तर आपली गिटार सोबत न्या आणि दुकानात अ‍ॅम्प अगदी हळू आवाजात वाजवून बघा. जोरात सगळेच अ‍ॅम्प चांगले वाटतात. तुम्ही वाजवणार आहात हळू.

खोलीत अ‍ॅम्प फरशीवर, कोपऱ्यात किंवा शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कोपऱ्यात खर्ज वाढतो आणि फरशी-भिंतीतून पलीकडे जातो. खुर्चीवर घडी केलेली चादर टाकून त्यावर ठेवा, तोंड स्वतःकडे करा. हेडफोन लावला म्हणून कानांवर अत्याचार नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे. आवाज त्याहून वाढला, की तास झपाट्याने कमी होतात.

कायदाही माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पण खोलीतलं भांडण डेसिबल मोजून मिटत नाही. भरतीची पुढची जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. मुलगा वर्ष-वर्ष एका परीक्षेसाठी थांबतो. त्याची झोप मोडली तर तुमचा रियाज त्याला महागात पडतो.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. "गिटारवाल्याला रूम नाही" असं सरळ सांगणारे घरमालक आणि "हे काय पोट भरणार आहे का बे" म्हणणारे रूम पार्टनर यांनीही थोडं थांबून विचार करावा. ही झाडीपट्टी आहे. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने आपल्याच गावांत रात्र-रात्र दंडार आणि नाटकं रंगतात. त्या रात्री जागरणाचा त्रास वाटत नाही, कारण ती रात्र गावाने मिळून ठरवलेली असते. खोलीतही तेच करता येतं. संध्याकाळी सहा ते सात, अभ्यासिकेतून पोरं परतायच्या आधी, एक तास स्पीकरवर. बाकी वेळ हेडफोनवर. परीक्षेच्या आठवड्यात फक्त हेडफोन. हे ठरवून कागदावर लिहा आणि दारामागे चिकटवा.

एवढं ठरलं, की अ‍ॅम्प किती वॉटचा घ्यायचा हे दुकानदाराला विचारायची गरज उरत नाही. आणि अ‍ॅम्प घ्यायला नागपूरला जाताना एखाद्या रूम पार्टनरलाही सोबत न्या. शेवटी ऐकायचं त्यालाही आहे.