पांडेसऱ्याची साडी कोणत्या वयाची?

पडद्यावर दाखवतात त्या साड्या आमच्या वयाला शोभतात का, हा प्रश्न हल्ली जुन्या घरांतून वारंवार कानी येतो. विचारणाऱ्या बहुधा पन्नाशी ओलांडलेल्या भगिनी असतात आणि उत्तर देणाऱ्या त्यांच्या सुना. 2008 साली ‘होमशॉप एटीन’ ही चोवीस तास केवळ विक्री करणारी वाहिनी आपल्याकडे सुरू झाली. तिच्यामागून आणखी काही आल्या, आणि आता तेच काम हातातल्या मोबाईलवरून होऊ लागले आहे. रीत मात्र सर्वत्र एकच. विशीतली एक सडपातळ मुलगी झगझगीत दिव्यांखाली साडी नेसून गिरकी घेते; निवेदिका पाच नगांची एकत्र किंमत सांगते, मोजकेच नग उरल्याची घाई करते आणि आजीपासून नातीपर्यंत सर्वांना ही साडी खुलून दिसेल, अशी ग्वाही देते. ह्या शेवटल्या ग्वाहीविषयीच आम्हांस लिहावयाचे आहे.

ह्यांतील पुष्कळ साड्यांचा जन्म आपल्यापासून सुमारे 130 किलोमीटरांवर, सुरतेत होतो. यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड, ज्याला तेथील व्यापारी ‘ग्रे’ म्हणतात, ते पांडेसरा येथील औद्योगिक वसाहतीत रंगाई-छपाईच्या गिरण्यांकडे येते. पॉलिएस्टरवर साध्या उकळत्या पाण्यात रंग नीट चढत नाही. बंद यंत्रात दाबाखाली 130 अंश सेल्सिअसपर्यंत ते तापवावे लागते. छापलेला माल रिंग रोडच्या बाजारात जातो, आणि त्याला लेस शिवणे, टिकल्या चिकटवणे, लोंबते धागे कापणे ही कामे आसपासच्या वस्त्यांतल्या बाया घरी बसून, नगावर मजुरी घेऊन करतात. त्यांत आपली माणसे थोडी नाहीत. ताप्तीकाठच्या रेल्वेने धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली खानदेशी कुटुंबे पांडेसरा, उधना, लिंबायत ह्या भागांत वसली आहेत; घरात अहिराणी चालते, कामावर हिंदी, बाजारात गुजराती. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आपण त्यांना आपले म्हणतोच असे नाही. असो.

आता वयाविषयी. आपल्या घरांत वस्त्राला वय होते, ही गोष्ट खरी. नवरीला हिरवा शालू, नव्या सुनेला संक्रांतीची काळी चंद्रकळा, लेकुरवाळीला जरीकाठी लुगडे, उतारवयात इरकल किंवा इंदुरी. ही व्यवस्था देखणी होती आणि तिची आठवण काढून आम्हीही हळवे होतो. परंतु नीट पाहिले तर ती वयाची व्यवस्था नव्हतीच. ती नवऱ्याची होती. अठराव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीच्या अंगावर आलवण चढे, आणि साठीची सवाष्ण हिरव्या खणाची चोळी मिरवी. ‘वयाला शोभत नाही’ हे वाक्य जिथे जिथे उच्चारले जाते, तिथे त्या जुन्या नियमाचा थोडासा वास अजून येतो. पडद्यावरच्या विक्रेत्याला समाजसुधारणेशी काही कर्तव्य नाही. त्याला माल खपवायचा आहे. तरीही एखाद्या विधवा मावशीने त्याच्याकडून डाळिंबी रंगाची साडी मागवली आणि सर्वांदेखत नेसली, तर त्या सौद्यावर आम्ही नाराज नाही.

ह्या बाबतीत बडोद्याला एक इतिहासही आहे. सयाजीराव महाराजांची कन्या इंदिराराजे (जन्म 1892) ग्वाल्हेरशी जमलेला विवाह मोडून 1913 साली कुचबिहारच्या राजघराण्यात गेल्या आणि 1922 साली विधवा झाल्या. वैधव्याचा पांढरा रंग त्यांनी सोडला नाही, पण फ्रान्सहून तलम रेशमी शिफॉन आणवून त्याच्या साड्या केल्या, असे सांगतात. शिफॉनच्या साडीची चाल रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. शोकाचे म्हणून ठरवलेले वस्त्र पाहता पाहता साऱ्या संस्थानिकांच्या घरांत हौसेचे झाले. आज पाच नगांच्या गठ्ठ्यात ‘शिफॉन’ म्हणून जे येते ते त्याचेच दूरचे, पॉलिएस्टरचे भावंड होय.

आणि आमची खरी तक्रार ह्या भावंडाविषयी आहे. रंग कोणत्याही वयाला चालतो. कापड चालत नाही. सुताच्या धाग्यात हवेतला ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास मुरतो, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. घाम टिपला जात नाही, अंगाशी चिकटून राहतो. मे महिन्यातल्या दुपारी विशीची मुलगी हे सोसून नेते. ऋतुनिवृत्तीच्या काळात जिच्या अंगातून उष्णतेचे लोट उठतात, तिला ते काहिली करते. गुळगुळीत निरी बोटांत ठरत नाही, म्हणून संधिवाताने आखडलेल्या हातांना चार-चार पिना लावाव्या लागतात. शिवाय चूल आणि समई. हे कापड पेटले की वितळते आणि कातडीला चिकटते. पहाटे देवापुढे पदर सावरत वाकणारी बाई कोणत्या वयाची असते, हे का सांगावयास हवे?

दुसरी बाजू आम्ही लपवत नाही. ही साडी धुवायला हलकी, वाळायला चटकन, इस्त्री-खळीची कटकट नाही. ओले सुती लुगडे पिळणे हे सत्तरीतल्या मनगटांचे काम नव्हे. म्हणून सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र कापड कशाचे आणि वजन किती, हे निवेदिकेने वयाच्या गोष्टी सांगण्याआधी सांगावे, आणि मागवणाऱ्या भगिनींनी भावाआधी ते विचारावे. पंचविशीच्या अंगावर दिव्यांच्या झोतात पाहिलेल्या साडीचा अंदाज आपल्या अंगावर येत नाही, हे तर वेगळे सांगायला नको. पन्नाशीची एखादी भरल्या अंगाची बाई साडी नेसवून उभी करायला काय हरकत आहे? विकत घेणारी तीच आहे.

सर्व वयांना चालेल म्हणणाऱ्या ह्या बाजारात एक गंमत झाली आहे. साडी साडेपाच मीटरांची, वर ब्लाउजचा तुकडा. नऊवारीला आठ मीटरांच्या आसपास कापड लागते. म्हणजे जिने आयुष्यभर लुगडेच नेसले, ती आजी ह्या ‘सर्वां’त धरलेलीच नाही. उलट नऊवारी विकली जाते ती शिवून, तयार, पाडव्याच्या शोभायात्रेत मिरवणाऱ्या विशीतल्या मुलींना. आणि आजीच्या वाट्याला येतो गाऊन. खानदेशातून मुलाकडे आलेल्या, लुगडे नेसणाऱ्या म्हाताऱ्या बायका पांडेसऱ्याच्या गल्ल्यांतून क्वचित अजून दिसतात. पलीकडच्या गिरणीत कापड लांबच्या लांब ताग्यांनी छापून निघते. साडेपाचावर कात्री चालवायची की आठावर, एवढेच कुणीतरी त्या गिरणीला सांगावयाचे आहे.