रात्रपाळी : आधी सांगू नका, नुसतं दाखवा

मोठ्या दुर्बिणीपुढे रांग लागली की शिडीशी उभा असलेला कार्यकर्ता हमखास बजावतो, ‘‘मधे उजळ ठिपका आहे, भोवती भुजा गुंडाळल्यात, नीट बघा.’’ वर चढलेला माणूस क्षणभर डोळा लावतो आणि म्हणतो, ‘‘हो हो, दिसल्या.’’ माझा या ‘हो’वर फारसा विश्वास नाही.

ही रांग बहुधा मेसिए ५१साठी असते. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची, तिथून साडेतीन अंशांवर ही सर्पिल दीर्घिका. मेच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास ती आपल्याकडून उत्तरेला साठ अंश उंचीवर असते. अंतर दोन-तीन कोटी प्रकाशवर्षं, शेजारी एक छोटी सोबतीण. फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि गोची तिथेच आहे.

शार्ल मेसिएला ती १७७३ साली सापडली, तेव्हा तो नुसता धूसर डाग होता. जॉन हर्शेलने १८३३मध्ये तिचं चित्र प्रसिद्ध केलं. त्यात मधला गाभा आणि भोवती एका बाजूला फाटलेलं कडं आहे. सर्पिल नाही. त्याची दुर्बीण होती अठरा इंची! आज अंधाऱ्या माळावर अठरा इंची दुर्बीण लावली, तर कसलेल्या निरीक्षकाला भुजा ओळखू येतात. हर्शेलचा आरसा तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा होता, ताजा घासलेला असतानाही तो जेमतेम दोन-तृतीयांश प्रकाश परत पाठवायचा, हे खरं. पण तेवढ्याने फरक भरून निघत नाही. आपल्याला काय शोधायचं ते ठाऊक आहे, त्याला नव्हतं.

सर्पिल पहिल्यांदा दिसलं ते आयर्लंडमधल्या बर किल्ल्याच्या आवारात, १८४५च्या वसंतात. लॉर्ड रॉसने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने बहात्तर इंची आरसा ओतून घेतला होता. नळी दोन उंच भिंतींमध्ये टांगलेली, त्यामुळे फक्त दक्षिणोत्तर पट्टा दिसायचा. एखादी वस्तू तासभर टिकली तर नशीब. त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला आणि निरीक्षणं बरीच रखडली. तरी १९१७पर्यंत जगातली सर्वांत मोठी दुर्बीण हीच, म्हणजे एका हौशी माणसाची. त्याने काढलेल्या चित्रातल्या भुजा आजच्या फोटोशी ताडून पाहाव्यात इतक्या नेमक्या आहेत, आणि त्याच्यापुढे फोटो नव्हता.

हौशी मंडळींच्या हाती मोठे आरसे आले ते मुख्यतः जॉन डॉब्सनमुळे. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत राहणारा, रामकृष्ण परंपरेतला साधू. दुर्बिणींच्या नादात मठाबाहेर फार राहतो म्हणून १९६७मध्ये त्याला काढून टाकलं. त्याची लाकडी खोक्यावर फिरणारी दुर्बीण इतकी स्वस्त आणि सोपी, की बारा-अठरा इंचांची चैन घरगुती झाली.

पण इंच वाढले म्हणून दीर्घिका लखलखत नाही. कुठल्याही दुर्बिणीत तिचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्याला असतो त्याहून उजळ होतच नाही. अंधारात बाहुली फार तर सातेक मिलिमीटर उघडते, हिशेब तिथे अडतो. मोठा आरसा तोच मंद उजेड मोठ्या आकारात दाखवतो, एवढंच. आणि डोळ्याला मंद पण मोठी गोष्ट कळते, मंद आणि लहान कळत नाही. म्हणूनच शहराच्या उजेडात वीस इंची दुर्बीण मांडणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आकाशच तितकंच उजळ असेल तर भुजा उठून दिसणार कशावर? इंचांवरचे थोडे पैसे पेट्रोलला ठेवावेत, असं माझं मत आहे.

शिवाय डोळ्याला वीस-तीस मिनिटं अंधार हवा आणि नजर थोडी बाजूला ठेवायला हवी, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी मध्याबाहेर असतात. रांगेतल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. मोबाइल खिशात टाकून तो शिडी चढतो, आणि त्याला ‘भुजा’ दिसतात!

यावर उपाय म्हणजे पेन्सिल. लाल दिव्यात कागदावर एक वर्तुळ काढा, जे दिसतं तेवढंच उतरवा, फोटो नंतर बघा. एक खोड्याळ युक्तीही आहे. काटकोनी आरसा लावलेल्या लेन्सच्या दुर्बिणीत चित्र डावं-उजवं उलटतं, सर्पिलाचा पीळ फिरतो. डॉब्सनच्या दुर्बिणीत चित्र उलथं होतं, पण पीळ तोच राहतो. चित्रात फोटोचाच पीळ उतरला आणि दुर्बीण पहिल्या जातीची असेल, तर डोळ्याने काय पाहिलं ते कळलंच.

याहून चांगली परीक्षा मेसिए ९९. रॉसला १८४६मध्ये सापडलेलं हे दुसरं सर्पिल. त्याचा फोटो फारसा कुणाच्या डोळ्यांपुढे नसतो. याची एक भुजा बाकीच्यांपेक्षा बरीच ठळक आहे. ती कोणत्या बाजूला, ते मी इथे सांगणार नाही. मात्र महाराष्ट्रातून ही दीर्घिका जवळजवळ डोक्यावरून जाते, आणि नेमकं डोक्यावर डॉब्सनचं खोकं वळवताना जीव मेटाकुटीला येतो. तासाभराने ती पश्चिमेला कलली की गाठावी. शिडीची एखादी पायरीही वाचते.